दूरच्या अभ्यासकासाठी सर्व्हरचे दार : व्हीपीएनची सुरक्षित उभारणी

तंजावरच्या भोसले राजवटीतील मोडी कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. पुण्याच्या अभ्यासकाला त्यासाठी सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अशा एखाद्या संग्रहाच्या संगणकीय प्रती लिनक्स सर्व्हरवर ठेवल्या आणि त्या निवडक अभ्यासकांनाच दाखवायच्या असल्या, तर आभासी खासगी जाळे, म्हणजे व्हीपीएन, उपयोगी पडते. महाजालावरून जाणारी माहिती ते कूटबद्ध करते. मात्र त्याची उभारणी निष्काळजीपणे झाली, तर हेच दार घुसखोराला मोकळे होते.

आधी शिक्कामोर्तब पाहा

मराठेशाहीत पत्राच्या शेवटी मोर्तब उमटल्यावर त्यात मागाहून मजकूर घालण्यास वाव राहत नसे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हेच काम डिजिटल स्वाक्षरी करते. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी झाली आणि तेथील दुव्यावरून छुपे दार असलेली प्रत दिली जाऊ लागली. ज्या संकेतस्थळात घुसखोर शिरला, तेथे छापलेला पडताळणीचा अंकही तो बदलू शकतो. निर्मात्याच्या गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी मात्र त्याला करता येत नाही. म्हणून वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन आपल्या लिनक्स वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. तेथे स्वाक्षरीची तपासणी आपोआप होते. त्यासंबंधीचा इशारा आल्यास तो डावलून पुढे जाऊ नये. वायरगार्डचा गाभा मार्च २०२० मधील ५.६ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच समाविष्ट आहे.

किल्ली कोणाच्या हाती?

मे २००८ मध्ये डेबियनमधील एक गंभीर दोष उघड झाला. सप्टेंबर २००६ पासून या प्रणालीवर तयार झालेल्या अनेक किल्ल्यांचा अंदाज बांधता येत होता. त्यांत ओपनव्हीपीएनच्या किल्ल्याही होत्या. केवळ सॉफ्टवेअर अद्ययावत करून भागले नाही. जुन्या किल्ल्या रद्द करून नव्या कराव्या लागल्या.

सर्व्हरची खासगी किल्ली सर्व्हरवरच तयार करावी, तिची फाइल फक्त रूट वापरकर्त्याला वाचता यावी आणि ती ई-मेलने कधीही पाठवू नये. प्रत्येक अभ्यासकाला स्वतंत्र किल्ली असावी. काम संपताच ती रद्द करता येते आणि इतरांना त्याची झळ पोहोचत नाही.

एकच दार, मोजकी वाट

फायरवॉलमध्ये बाहेरून केवळ व्हीपीएनचे पोर्ट खुले ठेवावे. वायरगार्डसाठी ते सहसा यूडीपी ५१८२० असते. व्यवस्थापकाचा प्रवेशही व्हीपीएनमधूनच ठेवता येतो. मात्र बाहेरचा मार्ग बंद करण्यापूर्वी नवी जोडणी तपासून घ्यावी, अन्यथा व्यवस्थापक स्वतःच बाहेर अडकतो.

अभ्यासकाचा संगणक विषाणूग्रस्त असेल, तर व्हीपीएन तो धोका रोखत नाही. म्हणून आत आलेल्याला फक्त प्रती पाहण्याचीच मुभा असावी. त्या बदलण्याची किंवा पुसण्याची नसावी. सुरक्षेच्या सुधारणा वेळोवेळी बसवणे आणि प्रवेशाच्या नोंदी तपासणे, हे काम उभारणीनंतरही चालूच राहते.