सहाजण जमले तर बोनस

पहाटे ५.३०
रात्रभर पाऊस होता, म्हणून आधी कबड्डीचं मैदान बघायला येतो आणि मगच मुलांना मेसेज टाकतो. पालघरच्या पावसात मातीचं मैदान एकदा रुतायला लागलं की सराव व्हरांड्यात जातो आणि तिथे जोर-बैठकांपलीकडे काही होत नाही. आज माती धरून आहे. चुन्याच्या रेषा मात्र वाहून गेल्यात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नसतं, त्यावर वीट ठेवतो.

६.१५
नेहमीचीच पोरं आली. आदिवासी वसतिगृहातले दोघं, एक जव्हारकडचा, एक विक्रमगडचा. त्यांना उठलं की मैदान. शिवाय केळव्याहून स्कूटरवर एक आणि इथल्याच माहीमच्या वाडीतून सायकलने दोघं. वसतिगृहातले दोघंही चढाईपटू आहेत. कोपरे सांभाळणारे, म्हणजे आमचे खरे दणकट गडी, बोईसरला राहतात आणि तारापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे पाळी करतात. त्यामुळे रोज सकाळी एक चढाईपटू आणि समोर चारजण.

चौघांसमोर चढाई म्हणजे मोकळं रान. राखीव क्षेत्रं सोडली तर मैदानाची रुंदी ८ मीटर. त्यात चारजण उभे केले की दोघांमधून बैलगाडी जाईल. पोरगा धावत जातो, हात लावतो, मागच्या मागे पाय मारून परततो. कडेला उभे असलेले टाळ्या वाजवतात. खरं सांगायचं तर मलाही बघायला आवडतं.

७.४५
सराव संपला. केळी, उकडलेली अंडी, चहा. विक्रमगडचा पोरगा विचारतो, ‘सर, मॅचमध्ये माझा हात लागत का नाही?’ संध्याकाळी सांगतो म्हटलं.

११.००
दोन तासांच्या मधे स्टाफरूम. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेतला आमच्या कॉलेजच्या संघाचा पराभव सगळ्यांनी आपापल्या परीने समजून घेतलाय. एक म्हणतात, चढाईपटू बदला. दुसरे म्हणतात, पोरं मातीवर शिकतात आणि सामने मॅटवर होतात, मग काय होणार. यात तथ्य आहे. मातीवर पाय सरकवून मध्यरेषा गाठण्याची सवय मॅटवर घात करते, कारण बूट तिथेच धरतो. माहीमचे एक जुने खेळाडू फी भरायला आले होते, त्यांचं ठरलेलं: ‘मास्तर, पोरांत दमच राहिला नाही.’ त्यांनी हुतूतूचे दिवस पाहिलेत. त्यांच्याशी वाद घालायचा तर चहा मागवावा लागतो आणि अर्धा दिवस जातो.

१.३०
डबा उघडायच्या आधी गुणपत्रक उघडतो. प्रत्येक चढाईसमोर किती बचावपटू होते, हे मी पेन्सिलने मांडून ठेवतो. अर्ध्या मिनिटाची एक चढाई, २०-२० मिनिटांचे दोन डाव, म्हणजे दोन्ही संघांना मिळून जास्तीत जास्त ऐंशीच्या आसपास चढाया. त्यातल्या आमच्या वाट्याच्या बघितल्या की सगळं उघडं पडतं. समोर सात किंवा सहा असताना जवळजवळ सगळ्या रिकाम्या. दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. आमचे तिथेच बाद झालेत. समोर पाच-चार उरले की त्याच पोरांनी गुण घेतलेत. आणि समोर तीन उरल्यावर पुन्हा पकडले गेलेत. तेव्हा अव्वल पकडीचा जादा गुण समोरच्यांना मिळतो, लोण हुकतो आणि लोणाचे दोन गुणही जातात.

म्हणजे पोरं सकाळी जे करतात, तेवढंच त्यांना सामन्यात जमतं. दमाचा यात काही संबंध नाही.

आणि बोनस? एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा. हा गुण समोर किमान सहाजण असतील तरच मिळतो. आमच्या सरावात सहाजण कधी उभेच नसतात. बोनसची रेषा मी रोज आखतो खरी, पण त्या रेषेवर आमच्याकडे कधी खेळ झालेला नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून द्यायला पुढे पाच धिप्पाड गडी असतात. धावणं अडलं की तिथले लोक आधी त्या पाचांकडे बघतात. कबड्डीत चढाईपटू एकटाच जातो, म्हणून सगळं खापरही त्याच्यावरच. पण त्याला घडवतात आपलेच बचावपटू. हातात हात गुंफून साखळी कशी आवळते, कोपऱ्यातला गडी घोट्यासाठी कधी झेपावतो, हे अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही.

३.१५
आमच्या कोपऱ्यांना गाठायला बोईसरची गाडी. मध्ये उमरोळी एवढंच स्टेशन. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते, तरी हुकली तर पुढच्या गाडीसाठी बराच वेळ ताटकळावं लागतं. पोरांचा सराव याच वेळापत्रकावर हलतो. सकाळी सहाला पालघरला उभं राहायचं आणि सातला बोईसरला कंपनीच्या गेटवर, हे कोणाला जमणार?

बोईसरला उतरलो तेव्हा पहिली पाळी सुटलेली. रिक्षांची गर्दी, कंपन्यांच्या बस, आणि हवेत तो नेहमीचा उग्र वास. आमचा उजवा कोपरा वडापावच्या गाडीवर भेटला. ‘सर, सुट्टी मागितली की ठेकेदार म्हणतो, बदली माणूस दे न् जा.’ डावा कोपरा या आठवड्यात दुसऱ्या पाळीत, पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला. दोघं एकमेकांना फक्त सामन्याच्या दिवशी भेटतात. त्यांची जोडी जमत नाही म्हणून मी आजवर ओरडत होतो, ते थांबवायला हवं.

५.३०
ठिकाण बोईसरचंच, एका गावमंडळाचं मैदान. पालघरची पाच पोरं मागच्या गाडीने आली. उजवा कोपरा आहे. बाकीचे मंडळाचे जुने खेळाडू. चाळिशी उलटलेले, पोटं सुटलेली, पण साखळी अशी की मधून वारा जाणार नाही. त्यांना सगळे काका म्हणतात. आज समोर पुरे सात.

विक्रमगडचा पोरगा सकाळच्याच धाटणीने धावत गेला आणि काकांनी त्याला कमरेतून उचलून खाली ठेवला. दुसऱ्यांदा घोटा धरला. तिसऱ्यांदा तो निदान रेषेच्या अलीकडूनच परतला. ‘अरे, लाजतोस काय? ये की आत!’ काका म्हणाले. मग त्यांनीच थांबून दाखवलं: हात लावायला जाऊच नको, आधी कोपऱ्याकडे झुक, कोपरा पुढे आला की त्याच्या मागे जागा होते, पाय तिथे टाक. बऱ्याच चढायांनंतर एकदा त्याचा पाय रेषेपलीकडे पडला. दुसरा पाय हवेत होता की जमिनीवर, यावर काकांच्यात दोन तट पडले. मी गुण दिला नाही.

९.४०
घरी. जेवण झालं, ग्रुपवर मेसेज टाकला: रविवारी सराव सकाळी ८ ला, बोईसरच्या मैदानावर. रात्रपाळीवाल्यांनी कंपनीतून थेट यावं. चढाईपटूंना सात बचावपटूंसमोरच चढाई मिळेल, कमी आले तर काकांना बोलवू. नाश्ता माझ्याकडून.

पहिलं उत्तर डाव्या कोपऱ्याचं, दुसऱ्या पाळीतूनच: ‘सर, नाश्ता आधी की नंतर?’