राष्ट्राध्यक्ष आणि सरपंच

वज्रेश्वरी हें तानसा नदीच्या कांठचें गांव. चिमाजीअप्पांच्या 1739 सालच्या वसईच्या मोहिमेशीं ज्याचें नांव जोडलें गेलें आहे तें देवीचें मंदिर आणि ऊन पाण्याचीं कुंडें यांमुळें तें दूरदूरच्या लोकांस ठाऊक आहे. परंतु आज आम्ही वाचकांस देवळाकडे अगर कुंडांकडे न नेतां ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत नेणार आहों. कारण गांवाचा सरपंच कसा निवडावा, हा जो प्रश्न तेथें उभा राहतो, तोच समुद्रापलीकडे इंडोनेशियाच्या विशाल गणराज्यापुढें राष्ट्राध्यक्षाच्या निवडीच्या रूपानें उभा राहिला होता. मोठ्याच्या गोष्टीवरून लहानास बोध घेतां येतो, तो असा.

लोकसत्ताक राज्यांत कारभाराचा मुख्य नेमण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतींत लोक आपले प्रतिनिधि निवडतात व त्या प्रतिनिधींच्या बहुमताचा ज्याला पाठिंबा असेल तो मुख्य होतो; तें बहुमत सरलें कीं त्याचा अधिकारही सरतो. दुसऱ्या रीतींत लोक प्रतिनिधि निराळे निवडतात आणि मुख्यही स्वतःच निराळा निवडतात. आमचे पंतप्रधान व मुख्यमंत्री पहिल्या रीतीनें येतात. महाराष्ट्रांतील सरपंच मात्र सध्यां दुसऱ्या रीतीनें येतो. म्हणजे वज्रेश्वरीचा मतदार लोकसभेसाठीं मत देतो तेव्हां एका पद्धतीनें वागतो, आणि आपल्या गांवच्या सरपंचासाठीं मत देतो तेव्हां अगदीं दुसऱ्याच पद्धतीनें वागतो. हा भेद फार थोड्यांच्या ध्यानीं येतो.

आतां इंडोनेशियाकडे पाहूं. या देशानें 17 ऑगस्ट 1945 रोजीं स्वातंत्र्य पुकारलें. त्याच्या राज्यघटनेच्या मूळ तत्त्वांस ‘पंचशील’ असें नांव आहे आणि खेड्यास तेथें ‘देसा’ म्हणतात. हे शब्द आमच्या मुलांस परके वाटूं नयेत. पूर्वीं तेथील राष्ट्राध्यक्षास लोक निवडीत नसत. राष्ट्रसभा निवडीत असे. ही रीत वाईट होती असें नव्हे. परंतु सुहार्तो यांनीं ती राष्ट्रसभाच आपल्या मुठींत ठेविली आणि 1968 पासून 1998 पर्यंत तिच्याकडून सात वेळां आपली निवड करून घेतली. एकदांही कोणी प्रतिस्पर्धी त्यांच्यासमोर उभा राहिला नाहीं. निवडणूक होती, पण निवड नव्हती.

1998 सालीं सुहार्तोंस पायउतार व्हावें लागलें. 1999 च्या निवडणुकींत मेगावती सुकर्णोपुत्री यांच्या पक्षास सर्वांहून अधिक जागा मिळाल्या. तरी राष्ट्रसभेनें अब्दुर्रहमान वाहिद यांस अध्यक्षपद दिलें आणि 2001 सालीं त्याच सभेनें त्यांस दूरही केलें. लोकांनीं मत एका हातानें द्यावें आणि निकाल दुसऱ्याच हातांनीं लागावा, याचा वीट येऊन घटना बदलण्यांत आली. 2004 सालापासून राष्ट्राध्यक्षाची निवड जनता थेट करते. मुदत पांच वर्षांची, आणि कोणासही दोनांहून अधिक वेळां हें पद मिळत नाहीं. 2024 सालची निवडणूक ही अशी पांचवी होय. विजयी होण्यास निम्म्याहून अधिक मतें लागतातच. शिवाय पहिल्याच फेरींत जिंकावयाचें तर निम्म्याहून अधिक प्रांतांत प्रत्येकीं निदान शेंकडा 20 मतें मिळावीं लागतात. एकाच बेटाच्या बळावर साऱ्या देशाचा धनी कोणी होऊं नये, हा त्यांतील हेतु.

परंतु थेट निवडीबरोबर एक नवी अडचण येते. ज्याला साऱ्या जनतेनें निवडलें त्याला प्रतिनिधींनीं सहज काढावें काय? इंडोनेशियानें याचें उत्तर असें दिलें, कीं प्रतिनिधिसभेनें दोन-तृतीयांश मतांनीं दोषारोप करावा, घटनान्यायालयानें त्याची छाननी करावी, आणि मगच राष्ट्रसभेनें शेवटचा निर्णय द्यावा. केवळ मर्जी उतरली म्हणून अध्यक्ष आतां जात नाहीं.

महाराष्ट्रांतही हाच झोका आपण पाहिला. ग्रामपंचायतीचा कायदा 1958 सालचा. पंचायतींत 7 पासून 17 पर्यंत सदस्य असतात, आणि पूर्वीं ते आपल्यांतून सरपंच निवडीत. 2017 सालीं सरपंच थेट जनतेनें निवडावा असें ठरलें. 2020 सालीं तें रद्द झालें. 2022 सालीं तें पुन्हां आलें. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणावयाचा तर सदस्यांचें तीन-चतुर्थांश बहुमत लागतें आणि पुढें त्यावर ग्रामसभेचें गुप्त मतदान व्हावें लागतें. जकार्त्यांत जें काम न्यायालय व राष्ट्रसभा यांवर सोंपविलें, तें आमच्या गांवांत ग्रामसभेवर सोंपविलेलें आहे!

येथेंच सारें मर्म आहे. सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे, असें थेट निवडींत सहज घडतें. मग सरपंच म्हणतो, ‘मला गांवानें निवडलें,’ आणि सदस्य म्हणतात, ‘आम्हांसही गांवानेंच निवडलें.’ दोघेही खरें बोलतात. नळाचें पाणी मात्र तसेंच अडून राहतें. हा तंटा तोडणार कोण? ज्यानें दोघांस निवडलें तो गांव. आणि गांव म्हणजे मतदारयादींतील प्रत्येक स्त्री-पुरुष. त्यांची मिळून ग्रामसभा होते. पंचायतीच्या जमाखर्चाचा हिशेब, हिशेब-तपासनिसाचे शेरे, पुढील कामांची योजना, हें सर्व तिच्यापुढें ठेवावें लागतें.

पण ग्रामसभेस लोक येतात किती? नियमाप्रमाणें गणपूर्तीस एकंदर मतदारांपैकीं शेंकडा 15 किंवा 100, यांतील जी संख्या कमी असेल तेवढे लोक पुरेत. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब होऊन पुन्हां भरलेल्या सभेस गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे सतरंजीवर दहाच माणसें बसलेलीं असलीं तरी त्यांचा ठराव साऱ्या गांवाचा ठराव ठरतो. जो घरीं राहिला त्यानें मौनानें आपलें मत त्या दहांच्या स्वाधीन केलें. सुहार्तोंच्या राष्ट्रसभेंत माणसें भरगच्च होतीं, पण स्वतंत्र वाणी नव्हती; आमच्या ग्रामसभेंत बोलण्याची मोकळीक आहे, पण माणसेंच नाहींत, असें होऊं देणें शहाणपणाचें नव्हे.

मुख्य थेट निवडावा कीं प्रतिनिधींकरवीं, यावर शहाण्यांत मतभेद आहेत व ते राहतील. दोन्ही रीतींत गुण आहेत, दोन्हींत दोष आहेत. इंडोनेशियाच्या इतिहासावरून आम्हांस इतकेंच दिसतें, कीं कोणतीही रीत स्वतःहून लोकांचें रक्षण करीत नाहीं. निवडून दिल्यावरही जे आपल्या मुख्यास वेळोवेळीं जाब विचारतात त्यांचेंच ती रक्षण करते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत मत नाहीं हें खरें. परंतु पंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची सूचना लागली म्हणजे ती वाचून घरीं सांगण्यास वयाची अट नाहीं. आणि पालकहो, त्या दिवशीं तुमच्या मुलानें किंवा मुलीनें, ‘बाबा, आई, आपण सभेस जाणार ना?’ असें विचारलें, तर त्यास काय उत्तर द्यावयाचें, हें तुम्हीं आजच ठरवून ठेवावें, अशी आमची नम्र विनंति आहे.