बॉनेट उघडण्याआधी

रेडिएटर : गरम इंजिनातले कूलंट दाबाखाली असल्याने १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी उघडताच दाब सुटतो आणि वाफेसह उकळते पाणी अंगावर उसळते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

पंखा : अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही विजेवरचा पंखा अचानक फिरू लागतो. अंगठी, कडे, सैल बाह्या, ओढणी दूर ठेवा.

बॅटरी : आधी ऋण टोकाची वायर सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. त्यामुळे धन टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

जॅक : तो गाडी उचलण्यापुरताच. चाकांना ठोकळे लावून, गाडी स्टँडवर टेकवूनच खाली शिरा.

धूर : कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. बंद शटरआड इंजिन चालू ठेवू नका.

जुने ऑइल : कायद्याने हा घातक कचरा आहे. गटारात ओतू नका. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्या.

आग : पेटत्या ऑइलवर पाणी मारू नका. ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवा आणि त्याची मुदत तपासत राहा.