पोथीचा दगड, दगडाची पोथी

आपल्या घरातील जुन्या शिळाछाप पोथ्या वाचकांना आठवत असतील. ती छापकला १७९८ च्या सुमारास बव्हेरियातील चुनखडीच्या दगडावर सिद्ध झाली. त्याच जातीच्या दगडाच्या खाणीत जीवाश्म वेचण्याचा योग आम्हांस आला.

आइश्टेट गावाजवळील ब्लूमेनबर्ग येथे भाड्याने हातोडी नि छिन्नी मिळते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळच्या अतिखारट, प्राणवायुहीन पाण्यात मृत जीव कुजण्याआधीच गाळाखाली निजले.

थराच्या कडेला छिन्नी लावून हलके ठोके दिले, की शिळा पोथीच्या पानासारखी सुटते. पहिल्याच पानावर नेच्याची डहाळी पाहून आम्ही हरखलो. पण ती वनस्पती नव्हेच. फटीत झिरपलेल्या लोह-मँगनीजची ती नक्षी! दुपार कलल्यावर हाती आला तो चिमुकला साकोकोमा, तारामाशाचा दूरचा सोयरा.

याच परिसरात १८७५ च्या सुमारास एका शेतकऱ्यास आर्किऑप्टेरिक्स या दात असलेल्या आद्यपक्ष्याचा सांगाडा पिसांच्या ठशांसह लाभला. गाय घेण्यासाठी त्याने तो विकला, असे सांगतात. आज तो बर्लिनच्या संग्रहालयाचे भूषण आहे.

आमचा साकोकोमा कुणाचे भूषण होणार नाही. तरीही कागदात गुंडाळताना आम्ही स्थळ, थर व तारीख लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवली. ती हरवली, तर उरेल केवळ सुंदर दगड. त्याची पोथी मात्र कायमची मिटेल.