गादीमागची बाकाबाई

सबमिशन संपलं की आपण गाडी धरून नागपूरला बर्डीवर पोहोचतो. प्रोजेक्टचं सामान, जुनी पुस्तकं, जमलं तर एखादा पिक्चर. त्या गर्दीत मान वर करून टेकडीवरच्या किल्ल्याकडे कितीजण बघतात? याच सीताबर्डीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. एवढं आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्याआधी आणि नंतर मिळून चाळीसेक वर्षं ज्या बाईने ही गादी टिकवायची धडपड केली, त्या बाकाबाई भोसले यांचं नाव आपल्याला ठाऊक नसतं.

वर्धा जिल्हा वेगळा झाला १८६२ मध्ये. त्याआधी हा मुलूख नागपूरचाच. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. अलीकडचे आर्वी, देवळी, हिंगणघाट भोसल्यांकडे राहिले. म्हणजे ही आपल्याच राज्याची गोष्ट आहे.

बाकाबाई या दुसऱ्या रघूजींच्या राणी. मार्च १८१६ मध्ये रघूजी वारले. मुलगा परसोजी आंधळा आणि आजारी, कारभार करण्याजोगा नव्हता. बाकाबाई त्याची सावत्र आई. त्यांनी धर्माजी भोसले यांच्या मदतीने सूत्रं हाती घेतली. पण पुतण्या आप्पासाहेब गप्प बसणारा नव्हता. त्याने थोड्याच दिवसांत धर्माजीला कैद करून कारभार बळकावला आणि मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तहही केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मेला. खून आप्पासाहेबाने करवला असं म्हटलं गेलं. आप्पासाहेब राजा झाला, मग इंग्रजांवरच उलटला आणि सीताबर्डीला हरला.

१८१८ मध्ये इंग्रजांनी त्याला काढलं. गादी रिकामी. आता बाकाबाईंनी रघूजींच्या मुलीचा लहान मुलगा दत्तक घेवविला आणि इंग्रजांनी त्याला तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवलं. वाडा आणि बाळराजा बाकाबाईंकडे, राज्याचा कारभार मात्र रेसिडेंट जेंकिन्सकडे. खरी किल्ली कोणाच्या कमरेला होती ते सांगायला नको!

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी मुलगा नसताना वारले. राण्यांना पुन्हा दत्तक घ्यायचा होता. पण या वेळी गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला, नाही. १८१८ मध्ये जिंकलेलं राज्य आम्हीच तुम्हाला बक्षीस दिलं होतं, आता वारस नाही, म्हणून ते परत आमचं. १८१८ मध्ये दत्तक चालला, १८५४ मध्ये चालला नाही. मधल्या काळात रीतीरिवाज बदलले नव्हते, इंग्रजांची गरज बदलली होती. आपल्या भागातल्या कापसावर डलहौसीचा डोळा होता, हे त्याच्या टिपणातच आहे. हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला होता. पुढे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली.

राज्य गेलंच, शिवाय वाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात निघाले. बाकाबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होत्या.

आणि तरीही १८५७ च्या उठावात त्यांनी आपल्या लोकांना ताकीद दिली, की कोणी बंड केलं तर मीच त्याला इंग्रजांच्या स्वाधीन करीन. १८५८ मध्ये त्या गेल्या. पुढे घराण्यातल्या दत्तक जानोजींना इंग्रजांनी मान्यता दिली, देऊरचे राजेबहादूर ही पदवी दिली. राज्य मात्र दिलं नाही.

आज काहीजण बाकाबाईंना इंग्रजधार्जिण्या म्हणतात. म्हणणं सोपं आहे. पण हाती फौज नाही, वारस लहान, समोर बर्डीच्या टेकडीवर तोफा. अशा वेळी एका बाईने घर वाचवायचं ठरवलं. घर थोडंफार वाचलं, राज्य बुडालं. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? पुढच्या वेळी बर्डीला गेलात तर चहा पिता पिता यावर वाद घालून बघा.