सासवणे ते लंडन : कलाविद्यार्थ्याचा परदेशातील अभ्यास

कलेचा इतिहास पुस्तकातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची एक अडचण फारशी कुणी बोलून दाखवीत नाही. पुस्तकात सगळी चित्रे एकाच मापाची असतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात लिओनार्दोची ‘मोनालिसा’ ज्या दालनात आहे, त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनीजचे ‘काना येथील लग्नसोहळा’ हे चित्र आहे. पहिले ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या देव्हाऱ्यावरच्या तसबिरीहून थोडेसे मोठे. दुसरे पावणेसात मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. आमच्या वर्गाची एक पूर्ण भिंत त्याला पुरणार नाही. पण पुस्तकाच्या पानावर दोन्ही तळहाताएवढीच दिसतात, आणि मोबाईलच्या पडद्यावर तर त्याहूनही लहान. चित्र म्हणजे केवळ त्यातील आकृती नव्हे, त्यासमोर उभे राहणाऱ्या माणसाचे लहानपण किंवा मोठेपणही त्यात धरलेले असते. हे कळायचे तर तेथे जावे लागते. म्हणूनच कलेचे विद्यार्थी समुद्र ओलांडून संग्रहालये पाहायला जात आले. तेथे जाऊन ते नेमके करतात काय, हे समजून घ्यावे म्हणून हा लेख.

आपल्या कोकणातील अशा विद्यार्थ्याचे ठळक उदाहरण म्हणजे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे गावी. वडील गणपतीच्या मूर्ती करीत, त्यामुळे मातीशी ओळख घरातच झालेली. गावात भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला. पुढे काही वर्षे त्यांनी कलकत्त्यात काम केले आणि १९२० साली ते लंडनला रॉयल अकादमीत शिकायला गेले. आजही कोकणातल्या अर्ध्याअधिक गावांत श्रावण-भाद्रपदात एखादा मुलगा गणपतीच्या कारखान्यात सोंडेला हात फिरवीत बसलेला दिसतो. त्यांच्यापैकी एकाच्या भिंतीवरच्या चित्राकडे एका अधिकाऱ्याने मान वळवून पाहिले, एवढाच काय तो फरक, असे मला पुष्कळदा वाटते.

त्या काळच्या युरोपीय कलाशिक्षणाला पायऱ्या असत. आधी सपाट चित्रावरून रेखाटन, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यावरून रेखाटन, आणि हात बसल्यावर जिवंत माणसावरून. ही मधली पायरी फार महत्त्वाची मानीत. पुतळा हलत नाही, दमत नाही, त्याच्यावरचा उजेड सकाळी होता तसाच दुपारी ठेवता येतो. उजेड कोठे वळतो आणि सावली कोठे सुरू होते, हे त्याच्यावर निवांतपणे शिकता येते. याच कारणासाठी युरोपातील संग्रहालयांनी जगप्रसिद्ध शिल्पांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती मुद्दाम करून घेतल्या. अशा प्रतिकृतींची देवाणघेवाण करण्याचा करार १८६७ साली युरोपातील राजघराण्यांमध्ये झाला होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८७३ साली उघडलेली दोन प्रचंड दालने केवळ या प्रतिकृतींसाठी बांधली आहेत. तेथे मायकेलअँजेलोचा पाच मीटरहून उंच ‘डेव्हिड’ आहे. रोममधील ट्राजनचा स्तंभही आहे, पण तो छताखाली मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभा केलेला! ज्या विद्यार्थ्याला रोम आणि फ्लॉरेन्स गाठणे परवडत नव्हते, त्याच्यासाठी ही सोय होती. म्हणजे ‘परवडत नाही’ हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही, हे वाचून मला जरा धीर आला.

मूळ शिल्पेही लंडनमध्ये होतीच. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराभोवती सुमारे १६० मीटर लांबीचा शिल्पपट्ट होता. त्यातील सुमारे ७५ मीटर ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. त्यावर घोडेस्वारांची मोठी मिरवणूक कोरली आहे आणि उधळलेल्या घोड्यांच्या पायांची इतकी गर्दी आहे की कोणता पाय कोणाचा हे शोधावे लागते. ते शिल्प तेथे असणे न्याय्य की अन्याय्य, यावर ग्रीस आणि ब्रिटन यांचा वाद अद्याप मिटलेला नाही. भारतात परतल्यावर करमरकरांनी पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलसाठी शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला. त्याचे अनावरण १९२८ साली झाले. तो घोडा लंडनच्या अभ्यासातून आला, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही आणि सासवण्यातही टांगे होतेच. पण घोड्याचे सारे वजन चार बारीक पायांवर तोलून धरायचे, हा शिल्पकाराचा प्रश्न निरनिराळ्या देशांत कसकसा सोडवला गेला, हे एकाच गावात राहून पाहायची संधी त्यांना लंडनमध्ये मिळाली, एवढे नक्की.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. गणपतराव म्हात्रे यांनी विसाव्या वर्षाच्या आसपास, १८९६ साली, जे. जे. मध्ये असतानाच ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प केले. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतील मराठी तरुणी. त्यांनी परदेशात शिक्षण घेतलेले नव्हते. पण जे. जे. कलाशाळेत ग्रीक शिल्पांच्या प्रतिकृती होत्या, आणि त्या युवतीच्या लुगड्याच्या चुण्या अंगावरून ज्या पद्धतीने उतरतात त्यात ही ओळख दिसते. म्हणजे विद्यार्थी संग्रहालयाकडे गेला नाही, तर संग्रहालयाचा एक तुकडा विद्यार्थ्याकडे आला. परदेशी गेल्यावाचून काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे शिल्प आठवावे, आणि परदेशी जाण्यात काही नाही असे म्हणणाऱ्यांनी करमरकरांना आठवावे.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. संग्रहालयात अभ्यासाला जाणे आणि सहलीला जाणे यांत बराच फरक आहे. सहलीतला माणूस दालनामागून दालने ओलांडतो, अभ्यासक एखाद्याच वस्तूपुढे सकाळ घालवतो. आधी वस्तूशेजारची पट्टी पाहावी : वस्तू कशाची, केव्हाची, कोठून आली, आणि संग्रहात कोणी दिली. त्या पट्टीवर किंवा नोंदीत एक क्रमांक असतो. नवख्याला तो निरुपयोगी वाटतो, पण पुढचा सारा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर चालतो. संग्रहालयातील फार थोड्या वस्तू दालनात मांडलेल्या असतात. पुष्कळशा, विशेषतः कागदावरची चित्रे, उजेडाने फिकी पडतात म्हणून पेट्यांत ठेवलेली असतात. ब्रिटिश म्यूझियमसारख्या ठिकाणी अशा चित्रांसाठी स्वतंत्र अभ्यासखोली आहे. तेथे आधी वेळ ठरवून गेले की तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे रेखाटन तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. शाईचे पेन मात्र खिशात राहते, तेथे पेन्सिलीनेच लिहायचे.

नक्कल करणे हा अभ्यासाचा सर्वांत जुना प्रकार. लूव्र १७९३ साली लोकांसाठी खुले झाले तेव्हापासून तेथे नक्कल करणाऱ्यांना मुभा आहे, पण नियम कडक. परवाना घ्यावा लागतो, आणि नक्कल मूळ चित्रापेक्षा एकपंचमांशाने तरी लहान किंवा मोठी असावी लागते. मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही. उद्या कोणी ती खरी म्हणून विकू नये, हा हेतू. आपल्याकडे परीक्षेत नक्कल हा गुन्हा आणि तेथे ती परवाना देऊन शिकवतात, याची आम्हा विद्यार्थ्यांना गंमत वाटल्यावाचून राहात नाही. पण पाहताना जे निसटते ते उतरवताना सापडते. गणपतीचा कारखानदार नव्या पोराला आधी जुनी मूर्ती पुढ्यात ठेवून हात बसवायला सांगतो, त्यामागचे शास्त्रही हेच.

नकलेची सर्वांत मोठी आणि दुःखाची गोष्ट मात्र महाराष्ट्राचीच आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात राहून वर्षानुवर्षे तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असताना १८६६ च्या आगीत गेल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते काम पुन्हा केले. ही मुंबईतील मुलेच होती. लेण्यांच्या काळोखात मोठमोठ्या पटांवर त्यांनी बुद्धाच्या जातककथा उतरवल्या. हे पटही लंडनला गेले, आणि १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागून त्यांतील पुष्कळ जळाले. उरलेले आजही तेथे आहेत. मधल्या काळात अजिंठ्याच्या भिंतींवरचा रंग आणखी झडला, त्यामुळे काही ठिकाणी भिंतीवर आज जे दिसत नाही ते त्या मुलांच्या पटावर दिसते. त्यांतील बहुतेकांनी लंडन कधी पाहिले नसेल, त्यांच्या हातचे काम मात्र तेथे जपलेले आहे.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आणखी निराळा मार्ग काढला. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर स्वतःचे संग्रहालय उभारले आणि त्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर युरोपीय चित्रशिल्पांच्या प्रतिकृतीही ठेवल्या. हेन्री मूरचे एक मूळ शिल्पही तेथे आहे. सातारा जिल्ह्यातील खेड्याच्या डोंगरावर ते पाहायला मिळते, हे परदेशी अभ्यासकालाही नवल वाटण्यासारखे आहे.

आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या कोणत्याच संग्रहालयात नेता येत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या सड्यांवरील कातळशिल्पे त्यांपैकी. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही स्थळे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ यांच्यासह, २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे अठरा मीटर आहे. त्याच्या पायापाशी उभे राहिले तर आपण हत्तीवर आहोत हे कळतच नाही. वरून काढलेला फोटो पाहिल्यावर कळते. लेखाच्या सुरुवातीला मी पुस्तकातील चित्रांची तक्रार केली, तिला येथे थोडी मुरड घालावी लागते. आणि लूव्रच्या विद्यार्थ्याला हा हत्ती पाहायचा असेल, तर त्यानेच रत्नागिरीची वाट धरली पाहिजे.

मी स्वतः परदेशी गेलेली नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र बाबांबरोबर सासवण्याला जाऊन आले. लांज्याहून मुंबईची एस.टी., वडखळला उतरून अलिबाग, आणि तेथून रेवसच्या बाजूची गाडी. करमरकरांच्या राहत्या घरातच त्यांची सुमारे दीडशे शिल्पे मांडलेली आहेत. लंडन पाहून आलेल्या या माणसाने देशी-परदेशी मोठ्यांचे पुतळे केले, पण गावची कोळीण, शेजारची पोरे आणि म्हैसही केली, आणि त्यांतील पुष्कळ कामे सिमेंटात आहेत.

बाबा गवंडी आहेत. शाळा त्यांनी चौथीतच सोडली. मी वहीत नोंदी करीत होते तेव्हा ते म्हशीपाशी गेले, थोडे वाकून पाहिले आणि मला हाक मारून म्हणाले, “ह्ये शिमीट हाय काय गो?” मी हो म्हटले. तिला हात लावू नये हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, तरी त्यांनी हात पाठीमागेच बांधून ठेवले होते. सिमेंट एकदा धरायला लागले की गवंड्याला फार वेळ मिळत नाही, थापी फिरवायची ती तेवढ्यात, हे त्यांनी मला तेथे समजावले. मग मानेखालच्या कातडीच्या घड्या किती ओल असताना केल्या असतील, आधी साचा असेल की वरून हाताने चढवले असेल, याचा ते तर्क करू लागले. माझ्या वहीत त्या म्हशीपुढे मी फक्त ‘म्हैस, सिमेंट’ एवढेच लिहिले होते. बाबा बोलत गेले तसे त्याखाली मी पान भरेपर्यंत लिहीत राहिले, आणि आमची अलिबागची चारची गाडी चुकली.