केतेवानचा हात

जुन्या गोव्यात आलेली बहुतेक कुटुंबं बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचं दर्शन घेतात, समोरचं से कॅथेड्रल पाहतात आणि पणजीला परततात. झेवियर १५५२ मध्ये चीनजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. शव १५५४ मध्ये गोव्यात आलं. त्यांच्या उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला गेला. आम्हीही गेलो तेव्हा आईने त्यांच्या चांदीच्या पेटीपुढे हात जोडले. ती वेंगुर्ल्याची, तिच्या माहेरीही ते ‘गोंयचो सायब’च.

मला मात्र सगळ्यांना होली हिलवर न्यायचं होतं. तिथे सेंट ऑगस्टिनच्या मठाचे अवशेष आहेत. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग. आता जांभ्याचा अर्धा मनोरा उभा आहे. दगडाच्या भोकाभोकांत शेवाळ धरलेलं, पडक्या भिंतीला कुठे निळ्या-पिवळ्या पोर्तुगीज फरशांचे तुकडे चिकटलेले.

इथे यायचं कारण केतेवान. जॉर्जियातल्या काखेतीची ही राणी इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला तापल्या सळ्यांनी हाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि हाताचं हाड १६२७ मध्ये या मठात आणलं. पोर्तुगीज कागदांत जागाही नोंदलेली होती: मठाच्या सभागृहालगतच्या प्रार्थनागृहातली दुसरी खिडकी. त्या धाग्यावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००४ च्या सुमारास हाड शोधलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, तेव्हा भारतात न आढळणारा, पण जॉर्जियात असलेला मातृवंश निघाला. शास्त्रज्ञांनी ‘बहुधा केतेवानच’ असं जपून लिहिलं. २०२१ मध्ये अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला दिला गेला.

"म्हणजे तिच्या माणसांनी तिला शोधलं," लेक म्हणाली. खरंच आहे. जॉर्जियाने पाठपुरावा केला नसता, तर ते हाड कदाचित मातीतच राहिलं असतं.

रस्त्यापलीकडे सांता मोनिका आहे. आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ मध्ये सुरू केलेला हा आशियातला पहिला ननांचा मठ म्हणून ओळखला जातो. भिंतींना भलेथोरले पुस्ते, आत चौकोनी अंगण. १६३६ मध्ये तो जळाला, पुन्हा बांधला गेला. बिबिंक ही मिठाईही इथेच जन्मली असं गोव्यात सांगतात. पण इथल्या बायकांचं कोण विचारतं? मठात सुरुवातीला आलेल्यांत विधवा फिलिपा दा त्रिन्दादे आणि तिची लेक मारिया होत्या. १६९९ मध्ये लिस्बनला छापलेल्या मठाच्या इतिहासात अशा ननांची चरित्रं आहेत.

"विधवेला त्या काळी दुसरं दार कुठलं गं?" आई म्हणाली. मला ते पुरतं पटलं नाही. लग्नाचे हुंडे मठात जातात आणि मठ गबर होतो, अशा तक्रारी गोव्याच्या नगरसभेने थेट पोर्तुगालच्या राजाकडे केल्या होत्या. निराधार बायकांच्या आसऱ्याविरुद्ध नगरसभा इतकी का तडफडेल? त्या भिंतींआड शहराच्या पुरुषांना खुपावी एवढी मालमत्ता होती आणि ती सांभाळणारी प्रायोरेस, म्हणजे मठप्रमुख, ननांमधलीच असे. १८३४ नंतर पोर्तुगालने धार्मिक संघ मोडीत काढले, पण या मठात असलेल्या ननांना मरेपर्यंत राहू दिलं. शेवटची १८८५ मध्ये गेली, तोवर मठ त्यांचाच होता.